सत्तावीस मिनिटांचा फोन

घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तिला चिमी म्हणायचे. आता वय छत्तीस झालं, भांगात दोन-चार पांढरे केस चमकायला लागले, तरी आईच्या तोंडी ती चिमीच. कचेरीत मात्र तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे कात्री.

घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीच्या मदत केंद्रात ती होती. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक हॉल, त्यात सव्वाशे टेबलं, प्रत्येक टेबलावर एक कॉम्प्युटर आणि कानाला हेडफोन लावलेला एक माणूस. ग्राहकांचे फोन यायचे. नेट बंद पडलंय, पासवर्ड विसरलोय, मुलाच्या खोलीत रेंज येत नाही. माणसं समजावून सांगायची, “राउटरची वायर काढा, तीस आकडे मोजा, परत लावा. हिरवा दिवा स्थिर झाला की बघा.” दिवसभर हेच. हे सगळे फोन रेकॉर्ड व्हायचे, आणि त्यातले निवडक ऐकून दहापैकी मार्क द्यायचे, हे चिमीचं काम. फोन आठ मिनिटांच्या आत संपला पाहिजे. कंपनीच्या सेवेबाहेरचं काही शिकवत बसायचं नाही. या दोन बाबतीत ती कुणाची गय करत नसे. म्हणून कात्री.

पूर्वी ती स्वतःही याच हॉलमध्ये फोनवर बसायची. पाच वर्षं बसली. आवाज असा की चिडलेला माणूसही दोन वाक्यांत निवायचा. एकदा एका आजोबांना तिने माऊस म्हणजे काय इथपासून सांगून पोराबाळांशी व्हिडिओवर बोलायला लावलं होतं, आणि त्याबद्दल कंपनीने तिला ‘संयमी सेवा’ असं छापलेलं प्रमाणपत्र दिलं होतं. ते आईने फ्रेम करून शिवणयंत्राच्या वर भिंतीला लावलं होतं.

आई शिवणकाम करायची. लहान मुलींचे फ्रॉक हा तिचा हातखंडा. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिने गिऱ्हाईक कमी केलं, आणि बेतणं शिकवायचं ठरवलं. चिमीच्या दादाने परगावी जायच्या आधी लॅपटॉप आणून दिला, स्वतःच्या नावावर चिमीच्याच कंपनीचं नेट जोडून दिलं, आणि आईचा वर्ग सुरू झाला. आठ-नऊ बायका आपापल्या घरी कॅमेऱ्यासमोर बसायच्या, आई खाकी कागदावर खडूने रेघा ओढून दाखवायची.

अडचण आली की आई चिमीला फोन करायची. आणि इथेच सगळं बिनसलं.

तो दिवस चिमीला तारखेसकट आठवत होता, जरी तिने तो विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला होता. दुपारची वेळ. साहेबांना महिन्याच्या मार्कांचा तक्ता द्यायचा होता. आईचा फोन आला.

“चिमे, नेट गेलंय बघ. वर्ग आहे चारला.”

“राउटर बंद करून चालू कर.”

“राउटर म्हणजे तो पांढरा डबा ना? का तो खालचा काळा?”

“आई, किती वेळा सांगितलंय!”

“सांगितलंयस गं. पण दोघांनाही दिवे आहेत.”

“मुद्दाम करतेस का तू? लिहून ठेव म्हटलं तर लिहायचं नाही. कशाला हवाय तुला या वयात हा खटाटोप? झेपत नाही तर सोडून दे ना!”

मग आई म्हणाली, “बरं. ठेवते. जेवलीस का?”

“जेवले,” असं म्हणून चिमीने फोन ठेवला. जेवली नव्हती. तक्ता वेळेवर गेला.

त्यानंतर आईने कॉम्प्युटरबद्दल तिला पुन्हा काही विचारलं नाही. फोन व्हायचे, पण हवापाण्याचे. तब्येत बरी आहे, शेजारीण पडली, दादाचा निरोप आला. चिमीला वाटलं, शिकली वाटतं एकदाची. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. एक काम कमी झालं, असंच तिच्या मनात आलं. पुढे हे ‘हायसं’ तिला जेवढं टोचलं, तेवढं ते रागाचं बोलणंही टोचलं नाही.

आता मास्तरांचं सांगायला हवं. एकशे बारा नंबरच्या टेबलावर बसणाऱ्या चौपन्न वर्षांच्या गृहस्थांना सगळा हॉल मास्तर म्हणायचा. पूर्वी त्यांचा टायपिंगचा वर्ग होता. कॉम्प्युटर आल्यावर तो ओस पडला, आणि मास्तर ज्याने आपला वर्ग बुडवला त्याच्याच चाकरीला लागले. हे ते स्वतःच हसत सांगायचे. शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या, समोर पाण्याची बाटली, बोलणं संथ. त्यांचे फोन कधीच आठ मिनिटांत संपायचे नाहीत.

मार्क देताना प्रत्येक फोन पूर्ण ऐकावा, असा नियम होता. पण महिन्याअखेरीस सहाशे फोन तपासायचे, ते ऐकणार कधी? चिमी फोनची लांबी बघायची आणि तो कशाबद्दल होता याची जी एका ओळीची नोंद बोलणाऱ्याने भरलेली असते ती वाचायची. तेवढ्यावरून कळतं, असं ती स्वतःला समजवायची. मास्तरांच्या नोंदी अगदी प्रामाणिक. ‘ग्राहकास ई-मेलला फोटो जोडण्यास शिकवले, २७ मिनिटे.’ ‘ग्राहकास नेटवरून उतरवलेली फाइल कुठे जाते ते दाखवले, १९ मिनिटे.’ ‘ग्राहकाने थेट टेबल क्रमांक मागून फोन जोडून घेतला.’ चिमीने एकामागून एक मार्क टाकले. दोन. तीन. दोन. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘सेवेबाहेरील विषय. वेळेचा अपव्यय.’

तीन महिने असं झाल्यावर मास्तरांना फोनवरून उठवलं आणि तळमजल्यावर लेखी तक्रारींच्या खोलीत बसवलं. तिथे कुणाशी बोलायचं नसतं. आलेली पत्रं वाचायची आणि ठरलेल्या मजकुराचं उत्तर पाठवायचं. हेडफोन जमा करताना मास्तर म्हणाले, “चला, घशाला आराम.” हॉलमधले दोघे-तिघे हसले, बाकीच्यांनी चिमीच्या काचेच्या खोलीकडे बघितलं. तिने मान वर केली नाही.

जाताना मास्तरांनी एक अर्ज मात्र दिला होता. चार ओळींचा. ‘मला दिलेले मार्क कमी आहेत याबद्दल वाद नाही. माझे फोन लांबतात हे खरे. फक्त शेरा देणाऱ्यांनी त्यातला एखादा फोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा, ही विनंती.’

तो अर्ज तीन आठवडे साहेबांच्या टेबलावर पडून राहिला आणि मग चिमीकडे आला. “ऐकून टाका एखादा, आणि ‘ऐकला’ असं लिहून द्या,” साहेब म्हणाले. “कागद पूर्ण व्हायला हवा.”

सकाळचे अकरा वाजले होते. चिमीने चहा आणला, हेडफोन लावला आणि यादीतला सगळ्यात लांब फोन निवडला. सत्तावीस मिनिटांचा. ग्राहकाचं नाव तपासणीसाला दिसत नाही, नुसता क्रमांक दिसतो. तिने बटण दाबलं.

“नमस्कार, बोला ताई.”

“एकशे बारा ना? मी फ्रॉकवाली बोलतेय.”

चिमीने चहाचा कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, चहा सांडला. तो तिने पुसला नाही.

“अहो, ओळखलं की!” मास्तर म्हणत होते. “डबा काय म्हणतोय आपला?”

“डबा शहाणा झालाय. तुम्ही सांगितल्यासारखी वायर काढते, तीस मोजते, परत लावते. आता मी त्याच्यावर चिठ्ठीच चिकटवलीय, ‘हा राउटर’. आणि काळ्यावर, ‘हा नव्हे’.”

मास्तर मनापासून हसले. आईही हसली. आईचं असं हसणं चिमीने किती दिवसांत ऐकलं नव्हतं, ते तिला मोजता येईना.

“आज काय अडलं?”

“बाहीच्या नमुन्याचा फोटो काढलाय. तो माझ्या मुलींना पाठवायचाय. मुली म्हणजे शिकायला येतात त्या, आज्या झाल्यात त्यातल्या दोघी. फोटो लॅपटॉपात आलाय, हे मला दिसतंय. पण पत्राबरोबर जात नाही. नुसतंच पत्र जातं.”

“म्हणजे कागद जातो, कापड इथेच राहतं.”

“अगदी तसंच.”

“बरं. नवं पत्र उघडा. घाई नाही. उघडलं? आता खाली बघा, एक वाकडी तार काढलेली दिसतेय का? कागद एकत्र लावायची क्लिप असते तशी.”

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. चिमीच्या हाताखाली पुढे पळवायचं बटण होतं. सवयीने बोट तिथे गेलंही. मास्तर मात्र काही बोलले नाहीत. ‘सापडलं का’ नाही, ‘डावीकडे बघा’ नाही. नुसते थांबले. चिमीने घड्याळात पाहिलं, पन्नास सेकंद.

“ही सेफ्टी पिन दिसतेय, ती का?”

“तीच. पिनच म्हणा तिला. आपल्याला फोटो पत्राला टाचायचाय. दाबा.”

“दाबली. अगं बाई, भलतंच उघडलं! सगळ्या याद्याच याद्या. मोडलं का काही?”

“काही मोडत नाही. हे बघा, एक गुपित सांगतो. चुकलं असं वाटलं की कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि झेड दाबायचं. घातलेला टाका उसवतो. लिहिताना तर हमखास.”

“उसवता येतं यात?”

“येतं की.”

“मग मी उगीचच घाबरत होते इतके दिवस,” आई म्हणाली. “उसवता येतं म्हटल्यावर कापायलासुद्धा भीती नाही.”

असं ते चाललं. फोटो फार मोठा निघाला, जाईना. मग तो लहान कसा करायचा ते मास्तरांनी सांगितलं. आईने तीनदा चुकवलं. चौथ्यांदा जमलं तेव्हा तिने टाळी वाजवल्याचा आवाज आला. आणि मग सतराव्या मिनिटाला मास्तरांनी विचारलं, “ताई, घरात कुणी नाही का मदतीला?”

हा प्रश्न सगळ्यांनीच विचारायचा असतो. चिमीनेच तो नियमावलीत घातला होता. ग्राहकाला घरात मदत मिळाली की पुन्हा फोन येत नाहीत.

“आहे की. मुलगी आहे. इथे नाही राहत, पण आहे. याच कामात आहे ती. फार हुशार. लोकांना फोनवर शिकवायची, बक्षीस मिळालंय तिला.”

“मग तिला का नाही विचारत?”

“तिचा जीव दिवसभर मेटाकुटीला येतो हो. वर आणखी माझं. पहिल्यांदा विचारायची मी तिला. फोन करायच्या आधी प्रश्न कागदावर लिहून काढायची, म्हणजे तिचा वेळ जायला नको. पण तिने ‘हं, बोल’ म्हटलं की लिहिलेलंच विसरायची मी. मग हात थरथरतो, आणि येत असतं तेही येत नाही. तुम्ही परके. तुमच्यापुढे मठ्ठ ठरले तरी चालतं.”

“मठ्ठ कसल्या! कुठे असते मुलगी? कुठल्या कंपनीत?”

“ते नको. नाव नाही सांगत. तिला कमीपणा नको. म्हणतील, हिची आई असून असलं काही विचारते.”

मास्तर “बरं” म्हणाले आणि विषय बदलला. पुढची दहा मिनिटं फोटो कसा पाठवायचा याचीच होती. शेवटी आईने सांगितलं, ज्यांना पाठवला त्यांतल्या एकीचं उत्तर आलंसुद्धा, ‘मिळाला’. ते तिने मास्तरांना दोनदा वाचून दाखवलं.

फोन संपला. चिमी हेडफोन तसाच कानाला ठेवून बसून राहिली. कुणी काचेवर टकटक केली तर काम चाललंय असं वाटावं म्हणून. समोर पडद्यावर तिचा स्वतःचा शेरा होता. ‘सेवेबाहेरील विषय. वेळेचा अपव्यय. २/१०.’

मग तिने त्या क्रमांकाचे सगळे फोन काढले. अकरा निघाले. जेवायला न जाता तिने अकराही ऐकले. एकात आई कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो कसा काढायचा ते शिकत होती. एकात वायफायचा पासवर्ड राउटरच्या पोटाला चिकटवलेला असतो हे कळल्यावर ती म्हणाली, “म्हणजे किल्ली कुलपावरच टांगलीय की!” एकात काहीच अडलेलं नव्हतं. तिने फक्त सांगायला फोन केला होता, की आज सगळं तिचं तिने केलं, आणि मास्तरांनी तेही सहा मिनिटं ऐकून घेतलं होतं.

शेवटचा फोन मास्तरांचा नव्हता. ते खाली गेल्यानंतरचा होता. एकोणचाळीस नंबरच्या टेबलावरची चटपटीत मुलगी.

“एकशे बारा जोडून देता का?”

“मॅडम, आता तसं थेट जोडता येत नाही. आपली अडचण सांगा.”

“वर्गात माझा आवाज मुलींना जात नाहीये. माझं त्यांना दिसतं, ऐकू येत नाही.”

“मॅडम, आपलं कनेक्शन मला इथून व्यवस्थित दिसतंय. व्हिडिओ वर्गाची अडचण आमच्याकडे येत नाही. दुसरी काही सेवा?”

“मास्तर आजारी आहेत का?”

“ते आता फोनवर नसतात मॅडम. दुसरी काही सेवा हवी आहे का?”

“नको. बरं आहे. ठेवते.”

तीन मिनिटं चाळीस सेकंद. या फोनला चिमीने दहापैकी दहा दिले होते. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘नेमके व विनम्र.’ त्यानंतर त्या क्रमांकावरून एकही फोन आलेला नव्हता.

दुपारी ती साहेबांच्या खोलीत गेली.

“मास्तरांचे मार्क चुकलेत,” ती म्हणाली. “मला ते बदलायचे आहेत.”

“त्या महिन्यांचे तक्ते बंद झालेत, मॅडम. काय चुकलं?”

“मी ऐकलेच नव्हते. न ऐकता मार्क दिले. त्यांचेच नव्हे, बऱ्याच जणांचे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्ही बोललात ते मी ऐकलं नाही, असं धरू का?”

“नको. आणि आणखी एक. त्यातले अकरा फोन माझ्या आईचे आहेत.”

साहेब म्हणाले, “मग तर संपलंच. आता तुम्ही त्याला हातच लावू शकत नाही. आईचे फोन निघाले म्हणून मार्क वाढवले, असं होईल.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला सांगा. मी लिहून देते.”

“लिहून दिलंत तर तुमच्या फाइलला लागेल.”

“लागू दे.”

एवढं बोलून ती बाहेर आली खरी, पण शूर वगैरे वाटलं नाही तिला. लिहून देताना दोनदा तिचं पेन अडखळलं. ‘काही फोन’ लिहावं की ‘अनेक फोन’? तिने आधी ‘काही’ लिहिलं, मग खोडून ‘अनेक’ केलं. ती खाडाखोड कागदावर तशीच राहिली.

मग ती तळमजल्यावर गेली. लेखी तक्रारींची खोली छोटी, खिडकी उंच, पंख्याला एकसारखा आवाज. मास्तर चष्मा कपाळावर चढवून पत्र वाचत होते. तिला बघून उठायला लागले.

“बसा मास्तर. मी ऐकला तुमचा फोन. सत्तावीस मिनिटांचा.”

“फोटो जोडण्याचा? फ्रॉकवाल्या ताई?”

“त्या माझ्या आई.”

मास्तरांनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. तिला वाटलं, आता हे काहीतरी चांगलं बोलतील. ‘असू द्या’ म्हणतील. माणसं म्हणतात तसं.

“आवाज जुळतो थोडासा तुमचा,” मास्तर म्हणाले. “माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“माझं चुकलं. मी न ऐकताच—”

“हो, ते मला ठाऊक होतं. रेकॉर्ड उघडल्याची वेळ आम्हालाही दिसते, मॅडम. माझ्या फोनांपुढे ती वेळच नव्हती.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. “म्हणून तर अर्ज केला.”

“तुम्ही माझ्या आईसाठी जे केलंत—”

“तुमच्या आईंसाठी वेगळं काही नाही केलं हो. मी सगळ्यांशी तसंच बोलायचो. तेच तर नडलं.” मग त्यांनी विचारलं, “वर्ग चाललाय ना त्यांचा?”

चिमीला ते माहीत नव्हतं.

रविवारी ती आईकडे गेली. बसने तासभर लागतो. न कळवता गेली, कारण कळवलं असतं तर आईने स्वयंपाकाचा घाट घातला असता. आई यंत्रावर पडद्यांची किनार मारत बसली होती. लॅपटॉप कपाटावर होता, वर फुलाफुलांच्या कापडाची शिवलेली खोळ. खोळीवर धूळ दिसत होती.

“वर्ग नाही आज?” चिमीने विचारलं.

“बंद केला गं. महिना झाला. सहाच जणी उरल्या होत्या, आणि मलाही कंटाळा आला. पडद्यांचं काम मिळालंय, ते बरं.” आई उठली. “चहा टाकते. पाय धू आधी.”

“आई, तुझा आवाज जात नव्हता ना त्यांना?”

आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

“तुला कुणी सांगितलं?”

चिमीने सगळं सांगितलं. ती ज्या खुर्चीवर बसली होती तिच्या पाठीवर माप घेतलेला अर्धवट पडदा टांगला होता, तो तिच्या खांद्याला लागत होता. सत्तावीस मिनिटांचा फोन ऐकला हे सांगितलं, दोन मार्क दिले हे सांगितलं, मास्तरांना तिच्यामुळेच उठवलं हेही सांगितलं. आई उभ्याने ऐकत होती. चिमीला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर जवळ घेईल. आईने दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिचे कान लाल झाले.

“सगळं ऐकलंस? मी बोलले ते सगळं?”

“हो.”

“माझं मी एका माणसाशी बोलत होते, चिमे. ते तुझ्यासाठी नव्हतं.”

चिमीने माफी मागितली, पण ती नेमकी कशाची, तेच तिला धड सांगता आलं नाही. त्या दुपारच्या बोलण्याची, मार्कांची, की ऐकल्याची?

चहा झाला. थोड्या वेळाने चिमी म्हणाली, “आवाजाचं मी बघू का? दोन मिनिटांचं काम असेल.”

“बघ,” आई म्हणाली, आणि तिनेच खोळ काढली. चिमीने लॅपटॉपला हात न लावायचं ठरवलं होतं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती शेजारी बसली. “खाली उजवीकडे मायक्रोफोनचं चिन्ह असेल, त्याच्यावर रेघ आहे का?” आईने बाण हलवला. बाण चिन्हाच्या आसपास फिरत राहिला, वर गेला, खाली आला. चिमीने बघितलं, आईचा हात थरथरत होता. शिवताना सुईत दोरा एका झटक्यात ओवणारा हात. चिमी नुसती शेजारी बसली होती, तरीही.

ती उठली. “मी जरा बाहेर जाऊन येते. दूध संपलंय ना?”

“आहे थोडं.”

“आणते तरी.”

दूध घेऊन ती कोपऱ्यावर उगीचच उभी राहिली. वीस मिनिटं काढून परत आली तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता आणि आई पुन्हा पडदे शिवत होती. “सापडलं,” आई म्हणाली. “रेघ होती. काढली.” एवढंच. निघताना चिमीने मास्तरांचा घरचा फोन नंबर कागदावर लिहून यंत्रावर ठेवला. तो तिने मास्तरांना विचारूनच आणला होता, आणि त्यांनी तो दिला होता, “त्यांना हवा असेल तरच” असं म्हणून.

पुढे काय झालं, तर चौकशी झाली. दुसऱ्या कचेरीतल्या एकाने मास्तरांचे चाळीस फोन पूर्ण ऐकले आणि शेरे काढून टाकायला लावले. पण मास्तरांच्या टेबलावर तोवर नवा माणूस बसला होता, म्हणून ते खालीच राहिले. त्यांनी ठरलेला मजकूर पाठवणं मात्र सोडलं आहे. पत्राला पत्राने उत्तर देतात, पायरी पायरीने, चित्र काढून. साहेब कानाडोळा करतात. चिमीला लेखी समज मिळाली, ती फाइलला लागली. ती आता प्रत्येक फोन पूर्ण ऐकते, त्यामुळे तिची तपासणी कायम मागे असते आणि तिला दर महिन्याला त्याबद्दल विचारणा होते. हॉलमध्ये तिला अजून कात्रीच म्हणतात.

आईचा वर्ग पुन्हा सुरू झाला. चार जणी आहेत. शनिवारी दुपारी आई मास्तरांना फोन करते, हे चिमीला मास्तरांकडून कळतं. आईकडून नाही. आई तिच्याशी सगळं बोलते. गुडघ्यांचं, दादाचं, शेजारणीच्या सुनेचं. कॉम्प्युटरचं तेवढं सोडून.

परवा चिमीनेच फोनवर विचारलं, “काही अडलं-बिडलं नाही ना, आई?”

“छे गं, सगळं छान चाललंय.”

चिमीने पाच वर्षं फोनवर काढली होती. सगळं छान आहे म्हणणाऱ्या माणसाचं कुठेतरी काहीतरी अडलेलं आहे, हे तिला आवाजावरून कळायचं. आताही कळलं.

“बरं,” ती म्हणाली. “शनिवारी मास्तर मोकळे असतात.”

“हो,” आई म्हणाली, “माहितेय मला.”